जंगलातील कीटकांचे नमुने घेताना

गोव्यातील मोले किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात उतरण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. सुरुवात जमिनीत पुरलेल्या पेल्यांच्या सापळ्यांनी करावी. पेल्याचा काठ मातीच्या पातळीपेक्षा तसूभरही वर नसावा, कारण तो उंच राहिला तर मुंग्या आणि भुंगेरे वळसा घालून निघून जातात. आपल्याकडच्या पावसात वर आडोसा हवाच (माझे पहिले दहा पेले एका रात्रीत तुडुंब भरले होते). मात्र पेल्यात अधिक सापडणारा कीटक संख्येने अधिक असतोच असे नाही, तो केवळ अधिक हिंडणारा असू शकतो. पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा अमावास्येच्या आसपास लावावा. पेल्यांतील नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून स्थळ, तारीख व पद्धत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी; पेनाची शाई बहुधा विरघळते.