प्रश्नोत्तरे: किती नग करणार, हे आधी ठरवा

प्रश्न : आम्ही सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. पक्षाघातानंतर बोटे उघडायला मदत करणारी स्प्लिंट थ्रीडी प्रिंटरवर केली. रुग्णांना ती आवडली. आता ५०० नग काढायचे आहेत. हीच फाइल मोल्डवाल्याला दिली तर चालेल?

नाही चालणार. आणि हे मोल्डवाल्याने सांगण्याआधी तुम्हाला कळायला हवे.

प्रिंटर आतली पोकळीही काढतो आणि उलटे वळलेले हूकही. इंजेक्शन मोल्ड (वितळलेले प्लास्टिक दाबून भरायचा साचा) मात्र दोन बाजूंना उघडतो. वस्तू त्यातून सुटून यायची तर उभ्या भिंतींना साधारण एक अंशाचा उतार लागतो. अडकणारा प्रत्येक कोपरा म्हणजे मोल्डमध्ये एक सरकता भाग, आणि त्याचा वेगळा खर्च. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, दोन-तीन मिलिमीटर ठेवावी. एखादी जागा जाड राहिली की ती सावकाश निवते आणि वर खड्डा पडतो. मजबुती हवी तिथे जाडी वाढवू नका, आतून बरगड्या (पातळ उभ्या पट्ट्या) द्या.

त्याहून मोठी गोष्ट : तुम्ही चाचणी घेतली ती पीएलएच्या, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या, प्रिंटची. मोल्डमधून पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लास्टिक येणार. ते वेगळे वाकते, वेगळ्या जागी थकते. म्हणजे रुग्णांनी पसंत केली ती वस्तू तुम्ही विकणारच नाही! शिवाय पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती स्प्लिंट ठेवून पाहा. प्रिंटचे थरही ताणाखाली सुटतात. माझ्या पहिल्या स्प्लिंटचा हूक रुग्णाच्या घरी असाच तुटला होता. त्या आजींनी दोष स्वतःच्या हाताला दिला, ते मी विसरलेलो नाही.

आता ५०० नगांचे बघू. मोल्डचा खर्च ५०० ने भागा, मग किंमत डोळ्यांसमोर येईल. आणि ५०० हात एका मापाचे नसतात. कुणाचा सुजलेला, कुणाची मूठ घट्ट आवळलेली. म्हणून वस्तूचे दोन भाग करा. बिजागरी, हूक, बकल सगळ्यांना एकच, त्यांचा मोल्ड करा. हाताला टेकणारे कवच गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकच्या पत्र्यातून थेरपिस्टला हातावर घडवू द्या. (तेही तापत्या गाडीत ठेवू नका, आकार जाईल.) जयपूर फूट या कृत्रिम पायात हीच वाटणी आहे : रबरी पाऊल साच्यात ठरावीक मापांचे, वरचे सॉकेट (उरलेला पाय बसतो तो भाग) त्या त्या रुग्णाच्या पायावर बेतलेले.

प्रश्न : आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. गुडघ्याचे आणि कमरेचे पट्टे शिवायचा विचार आहे. आतून आपला टर्किश टॉवेल लावला तर?

कल्पना मला मनापासून आवडली. घाम टिपायला टर्किश टॉवेलसारखे कापड नाही. पण ते लवकर वाळत नाही आणि वेलक्रोची काटेरी बाजू त्याचे फासे ओढून काढते. अस्तर काढून धुता येईल असे ठेवा, आणि वेलक्रोची जागा अशी बेता की पट्टा उघडल्यावर काटे अस्तराला लागणार नाहीत.

कटिंगचा विचार मात्र पॅटर्न काढतानाच करा. गणवेशाचे कापड थरावर थर रचून कापता तसे निओप्रीन (अशा पट्ट्यांचे फोमसारखे रबर) कापू नका. पात्याखाली ते दबते, वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या मापात फरक पडतो. त्याला पोलादी पट्टीचा डाय (आकारात वळवलेले पाते) आणि प्रेस बरे. शिवण गुडघ्याच्या वाटीवर किंवा मागच्या घडीत येता कामा नये.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ आधीच वाचून घ्या. ज्या वस्तूला परवाना लागतो तिच्या कच्च्या मालात किंवा प्रक्रियेत गुणवत्तेवर परिणाम होईल असा बदल परवान्यानंतर करायचा तर पूर्वपरवानगी लागते. धंदा सुरू झाल्यावर कापड बदलू, असा हिशेब धरू नका.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. वॉकरसाठी ६०६१ टी६ अॅल्युमिनियमची नळी वेल्ड करू का?

टी६ म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने मजबूत केलेली नळी, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची ती ताकद बरीच उतरते. नंतर ती प्रक्रिया (हीट ट्रीटमेंट) पुन्हा करण्याची सोय नसेल तर सांधे रिव्हेट-बोल्टचे करा, किंवा तिथली नळी जाड घ्या. लोखंडी नळी वेल्डला सोपी, पण पक्षाघाताचा रुग्ण वॉकर पावलागणिक उचलतो, म्हणून पहिला नमुना वजनकाट्यावर ठेवा. खालची रबरी टोपी बाजारात सहज मिळणाऱ्या मापाची घ्या. घासली की घरच्यांना बदलता आली पाहिजे.