तुम्ही विचारलंय: रीळ नसलेल्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकून मिटणाऱ्या) गळाच्या काठीला दोरी किती लांब बांधायची? तिला रीळ लावता येईल का? आणि खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या काठीला खाडीत मासा लागतो का?

दोरी काठीएवढी, फार तर वीतभर कमी. काठी उभी केली की गळ झुलत आपल्या छातीशी आला पाहिजे. जास्त लांब बांधलीत तर मासा तिकडे लोंबकळत राहतो आणि तुम्ही त्याला धरायला मागे मागे सरकत चिखलात बसता.

आता ‘खेळणं’ या शब्दाबद्दल. तो वाचला नसता तर मी लिहायलाही बसलो नसतो.

माझं गाव सिंधुदुर्गात, कर्लीच्या खाडीला, नेरूरपारच्या पुलापासून फार लांब नाही. लहानपणी आमच्याकडे चिव्याची (बारीक बांबूची) काठी, शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणि तरंगायला जुन्या रबरी चपलेचा तुकडा, एवढ्यावर गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, चालायचं. घडीची कार्बनची काठी म्हणजे तीच चिव्याची काठी, फक्त पिशवीत मावणारी. माझी ३.६ मीटरची आहे, बारा फुटी.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मेव्हणा मुंबईहून आला. सोबत रीळवाली भारी काठी आणि रंगीत खोट्या माशांनी भरलेला डबा. माझी काठी बघून पडवीत सगळ्यांदेखत म्हणाला, “भावोजी, हे पोराचं खेळणं का?” मी तोंड उघडणार तोच आई आतून म्हणाली, “पावणो आसा तो, गप रव.” गप राहिलो.

त्या दिवशी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे सहाच्या आसपास, खाडीत आत थोडी मागेपुढे. आम्ही साडेचारला चढत्या पाण्यावर जाऊन बसलो. भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी, ओढ कमी, बारीक गरीला (गळाला) त्याहून बरं पाणी नाही. मेव्हण्याने पहिलाच गळ पार मधोमध फेकला. दुसरा गेला कांदळात, खाडीकाठच्या खारफुटीत. तिसरा कुठल्या तरी दगडाला असा बसला की तोडावा लागला.

मी चिऱ्याच्या बांधाला चिकटून टाकत होतो, पायाखाली म्हणा ना. काळुंदर तिथेच असतं, चिऱ्यावरचं शेवाळ खात. केरळात याच माशाला करीमीन म्हणतात, २०१० साली तो त्यांचा राज्यमासा झाला. आपल्याकडे मात्र बाजारात सुरमई दिसली की त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. तोंड एवढंसं, त्यामुळे गळ दहा किंवा बारा नंबरचा (नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानदार उलटं सांगेल). त्यावर गांडुळाचा नखाएवढा तुकडा किंवा कणकेची गोळी. शिसं इतकंच की तरंगणाऱ्या तुकड्याचं फक्त डोकं पाण्यावर राहील. काळुंदर तो तुकडा खाली खेचत नाही. तो आधी थरथरतो, मग कोणीतरी बोटाने ढकलल्यासारखा आडवा सरकतो. तेव्हा मनगट उचलायचं, हात नाही. साडेपाचपर्यंत माझी अकरा झाली होती.

मग मेव्हणा म्हणाला, “द्या बघू जरा.” दिली. त्याने माझा ०.१८ मिलिमीटरचा तंगूस सोडला, स्वतःचा ०.४५ चा बांधला, मोठा गळ लावला, त्याला अख्खी कोलंबी. दहा मिनिटांत शिंगाळा, म्हणजे काटेवाला मिशाळ मासा, लागला, चांगला मोठा. काठी कमानीसारखी वाकली आणि काड् करून शेंड्याकडचे दोन तुकडे गेले. त्यावर हा म्हणतो काय? “बघा, म्हटलं नव्हतं, खेळणंच!” त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीत ही गोष्ट सांगून झाली आहे.

तर ज्यांनी ती ऐकली असेल त्यांनीही वाचा. काठी खेळणं होती म्हणून मोडली नाही. रीळ नसलं की माशाला सोडायला दोरी नसते, सगळा ताण काठीवर येतो. म्हणून मोठा मासा लागला तर तंगूस आधी तुटायला हवा, आणि गळाजवळची हातभर दोरी वरच्यापेक्षाही बारीक हवी. मासा जातो, एक गळ जातो, काठी राहते. जाड तंगूस बांधणाऱ्याने काठीला नावं ठेवू नयेत.

बांधणीही सोपी आहे. शेंड्याला इंचभर दोरी असते, तिच्या टोकाला गाठ मारा. तंगुसाला फास करा, फासातून मागचा तंगूस ओढून दुहेरी वेढा करा, तो गाठीच्या मागे सरकवून आवळा. काठी उघडताना शेंड्याकडून, मिटताना बुडाकडून. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं आणि रेती आत बसून तुकडे अडकतात. गळ कुठे अडकला तर काठीने ओढू नका, हाताला फडका गुंडाळून तंगूस धरून ओढा.

एक कबूल करतो. मेव्हण्याने आधी माझ्याकडे बारीक तंगूस मागितला होता. मी संपला म्हणालो. तो माझ्या खिशात होता.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: कार्बनमधून वीज जाते. विजेच्या तारांखाली ही काठी उघडूच नका, आणि मे किंवा ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की मिटून घर गाठा. शिंगाळा लागला तर त्याला हाताने धरू नका, पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे लागले की रात्रभर ठणकतं. लहान पिलांचा थवा घेऊन फिरणारी काळुंदराची जोडी दिसली तर तिला सोडा, आई आणि बाप दोघंही पिलं राखतात.

रीळ लावता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. नाही, या काठीला दोरी ओवायच्या कड्याच नसतात. कड्या चिकटवून घेणारे लोक पाहिलेत मी. तेवढी हौस असेल तर सरळ रीळवाली काठी घ्या, मेव्हण्याकडे एक पडून आहे.