दहा लाखांचे कर्ज काढून आत्ताच एमबीए, की आधी नोकरी?

घणसोलीच्या एका वाचक मुलीने विचारले आहे: बी.कॉम. नुकतेच पूर्ण झाले असून ऐरोलीतील एका कंपनीत वार्षिक 3 लाख 60 हजारांची नोकरी मिळाली आहे. त्याच वेळी पुण्यातील एका खासगी संस्थेत एमबीएला प्रवेशही मिळाला आहे. वसतिगृह धरून दोन वर्षांचा खर्च 13 लाख. त्यातले 3 लाख वडील देतील, उरलेले 10 लाख कर्जाने उभे करायचे आहेत. चार वर्षांनी निवृत्त होणाऱ्या वडिलांच्या मते त्यासाठी चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, घ्यावे.

तुमचे आकडे मांडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, नोकरी स्वीकारावी आणि हा प्रवेश सोडावा. एमबीए करू नका, असे मी म्हणत नाही. या संस्थेत, या खर्चात, आत्ता करू नका, एवढेच म्हणतो.

दरवर्षी 5 लाख याप्रमाणे 10 लाखांचे शैक्षणिक कर्ज 10 टक्के दराने घेतले, तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष एवढ्या काळात सरळव्याजाने अडीच लाख व्याज साचते, आणि परतफेड सुरू होते ती साडेबारा लाखांवर. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे 16,500 रुपये येतो. आता तुम्ही पाठवलेले माहितीपत्रक पाहा. मुखपृष्ठावर 22 लाखांचे पॅकेज ठळक छापले आहे. आतल्या तक्त्यात मात्र मध्यक पगार (म्हणजे निम्म्यांना याहून कमी मिळतो) साडेसहा लाखांचा आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की, हे आकडे ‘प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेल्या’ विद्यार्थ्यांचे आहेत. साडेसहा लाखांत हातात साधारण 46,000 पडतील. आत्ताच्या नोकरीत दोन वर्षांच्या नेहमीच्या पगारवाढीनंतर तुम्ही 32,000 च्या आसपास असाल. म्हणजे फरक 14,000 चा, आणि हप्ता त्याहून मोठा. दोन वर्षांचा बुडालेला पगार मी यात धरलेलाही नाही.

टॉप-अपचा व्याजदर कमी असतो, हे वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, तो एकट्या वडिलांच्या पगारातून जाईल आणि मुदत लांब घेतली तर निवृत्तीनंतरही चालू राहील. शैक्षणिक कर्जात निदान शिक्षण पूर्ण होईपर्यंत हप्ता थांबतो. एजंटने सांगितलेल्या, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील कलम 80ई च्या करसवलतीवरही विसंबू नका. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष 2025-26 पासून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागतच नाही. मग साडेसहा लाखांच्या पगारावर वाचवायला कर उरतो कुठे?

हाच प्रवेश राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून एखाद्या शासकीय किंवा विद्यापीठाच्या संस्थेत, कमी शुल्कात मिळाला असता, तर नोकरी सोडून जा, असे मी बिनदिक्कत सांगितले असते. तो मार्ग अजूनही खुला आहे. घणसोली ते ऐरोली मध्ये फक्त रबाळे हे एकच स्टेशन आहे. मुंबईला जाणाऱ्यांचे जे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात, ते तुमचे वाचतील आणि संध्याकाळी सीईटीचा, जमल्यास आयआयएमसाठीच्या कॅट परीक्षेचाही, अभ्यास होऊ शकेल. दोन वर्षांचा अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो, शिवाय वित्त, विपणन की मनुष्यबळ, यांपैकी कशात एमबीए करायचे हेही तोपर्यंत तुम्हाला कळलेले असेल. आज तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली.

घरी राहत असल्यामुळे पहिल्या पगारापासून दरमहा 12,000 रुपयांचे आवर्ती ठेव खाते सुरू करा. दोन वर्षांत व्याजासह सुमारे 3 लाख जमतील आणि वडिलांच्या 3 लाखांना आत्ता हात लावावा लागणार नाही. मात्र जागा राखण्याचे शुल्क भरले असेल, तर प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे संस्थेकडून आजच लेखी मागवून घ्या.