वाचकांचे प्रश्न : पुनर्वसन-तंत्रज्ञानातले नवे संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक

प्रश्न : मी फिजिओथेरपी शिकवते. अभियांत्रिकीतून आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे पीएच.डी. करतो आहे. पक्षाघातानंतर आवळलेली बोटं उघडणारा मोटरचा हातमोजा त्याला बनवायचा आहे. आल्यापासून तो सर्किट जुळवत बसला आहे. त्याचा उत्साह न मोडता काम मार्गी कसं लावू?

उत्तर : सर्किट थांबवू नका, पण पहिले दोन महिने त्याचा निम्मा वेळ उपचारकक्षात जाऊ द्या. नुसतं ‘बघून ये’ म्हणून पाठवलं तर तो कंटाळून परत येईल. त्याला प्रत्येक रुग्णामागे चार नोंदी करायला सांगा. मनगट वाकवल्यावर बोटं कितपत सैल होतात? बोटं कोणत्या वेगाने उघडली की ताठरपणा वाढतो? तळव्याची त्वचा, नखं, घाम यांची अवस्था काय आहे? आणि हा मोजा घरी चढवणार कोण?

दुसऱ्या नोंदीवरून मोटरचा वेग ठरतो. हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे झटक्यात ओढलं तर मूठ उलट जास्त आवळते. चौथी नोंद मात्र सगळ्यांत मोलाची. एकाच हाताने, आवळलेल्या मुठीवर पाच बोटांचा मोजा चढवणं जवळजवळ अशक्य असतं. प्रयोगशाळेत मोजा निरोगी हातावर घालून पाहतात, म्हणून ही अडचण तिथे दिसतच नाही. सहायक साधनं वापरणाऱ्यांचा फिलिप्स आणि झाओ यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २९ टक्के साधनं लोकांनी वापरायची सोडून दिलेली आढळली, आणि साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात न घेणं हे त्याच्याशी जोडलेल्या कारणांपैकी एक होतं.

नोंदी हातात आल्या की मोज्याचं अंतिम रूप ठरण्याआधी मोजमाप ठरवा. फ्युगल-मायर चाचणीचे हाताचे ६६ गुण स्नायू आणि सांध्यांची हालचाल सांगतात. अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्टचे ५७ गुण वस्तू पकडणं, उचलणं, ठेवणं सांगतात. माणूस घरी तो हात प्रत्यक्ष वापरतो का, हे दोन्हींतून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात शरीरकार्य, क्रिया आणि सहभाग यांचा वेगळा विचार केला आहे, तो याचसाठी. पक्षाघातानंतर हाताला रोबोटने सराव देऊन पाहणाऱ्या, ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या रॅटल्स चाचणीचा निकाल (२०१९) विद्यार्थ्याला स्वतः वाचू द्या. रोबोटच्या सरावाने हालचालींचे गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारले, पण हाताने कामं करण्याची क्षमता त्या प्रमाणात सुधारली नाही. ‘बोटं जास्त उघडली’ एवढ्याने का भागत नाही, हे त्याला तिथे पटेल.

मग आकड्यांचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. दोन गटांतला मध्यम फरक (०.५ प्रमाणित विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या गुणांच्या सर्वसाधारण चढउताराच्या निम्मा) ८० टक्के शक्तीने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता-पातळीवर (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता) पकडायचा, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. पाचातला एक मध्येच सोडून जाईल असं धरलं तर ८०, म्हणजे दोन्ही मिळून १६०. एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, आणि ते त्याला पहिल्याच वर्षी कळलेलं बरं. वीस-वीस जणांची चाचणी करून ‘फरक आढळला नाही’ असं लिहिण्यात त्याची वर्षं जातात आणि रुग्णांचे श्रमही.

आमचा सल्ला असा : प्रश्न लहान करा. एका-एका रुग्णावरची नियोजित मालिका हा उत्तम मार्ग आहे. किमान तीन रुग्ण घ्यावेत, प्रत्येकाचा उपचार वेगवेगळ्या आठवड्यात सुरू करावा आणि उपचाराआधी व उपचारादरम्यान प्रत्येकी किमान पाच मोजण्या घ्याव्यात. पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेले रुग्णच घ्या. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणारी सुधारणा इतकी मोठी असते की तिचं श्रेय मोज्याला मिळून जातं. मोजा किती मिनिटांत चढला पाहिजे आणि किती सत्रं पूर्ण झाली पाहिजेत, हे निकष आधी लिहून तारीख घाला. निकाल पाहून निकष सैल करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

प्रश्न : आठवड्याच्या भेटीत विद्यार्थिनी सुंदर आलेख दाखवते. चालण्याच्या विश्लेषणात मी तज्ज्ञ नाही. नेमकं काय तपासू?

उत्तर : आलेख बाजूला ठेवा आणि कच्चा संकेत, म्हणजे उपकरणाने नोंदवलेली मूळ रेषा, उघडायला सांगा. एक सहभागी, एक पाऊल, फिल्टर न लावलेलं. स्नायूंच्या विद्युत्संकेतांसाठी सेकंदाला किमान १,००० नमुने हवेत, त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या केंद्रांमधलं अंतर २० मिलिमीटर हवं आणि स्नायू सैल असताना रेषा जवळजवळ सपाट हवी. तिथेच जाड पट्टा दिसला तर त्वचा नीट साफ झालेली नाही किंवा विजेच्या तारांचा गोंगाट शिरला आहे. मोठे, संथ हेलकावे दिसले तर बहुधा वायर हलते आहे. पायाची दिशा होकायंत्रासारखी ओळखणारा चुंबकीय सेन्सर वापरत असेल तर जमिनीखाली लोखंड आहे का, हेही विचारा. लोखंडाजवळ दिशा चुकते.

दोन उपकरणं एकाच वेळी चालत असतील तर घड्याळांचा फरक हमखास विसरला जातो. दोन घड्याळांमध्ये दहा लाखांत पन्नास एवढाच फरक असला तरी अर्ध्या तासात ९० मिलिसेकंदांची तफावत पडते. टाच टेकल्यावर शरीराचा भार त्या पायावर येण्याचा टप्पा साधारण तेवढाच असतो, म्हणजे स्नायू चुकीच्या टप्प्यात काम करताना दिसेल! उपाय सोपा आहे. नोंदणीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही उपकरणांना एकच खूण द्यायची आणि मधला काळ त्यावरून ताणून बसवायचा. फक्त सुरुवातीला खूण दिली तर घसरण कळत नाही.

कच्च्या फाइलींची न बदलता येणारी एक प्रत पहिल्याच दिवशी वेगळी ठेवायला लावा. आणि तिने स्वतःहून खराब नोंद दाखवली तर आधी तिचं कौतुक करा, कारण आलेख सुंदरच हवेत असा तिचा समज झाला तर खराब नोंदी तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

प्रश्न : माझे दोन मार्गदर्शक आहेत, एक डॉक्टर आणि एक अभियंता. एकांना जास्त रुग्ण हवेत, दुसऱ्यांना नवा अल्गोरिदम. मी दोघांनाही ‘हो’ म्हणतो. काय करू?

उत्तर : दोघांना वेगवेगळं भेटणं कमी करा आणि तीन महिन्यांतून एकदा तरी एकत्र बसवा. २००८ पासून हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार पहिला सहभागी घेण्याआधी चाचणीची सार्वजनिक नोंदणी व्हावी लागते, आणि तिच्या अर्जात मुख्य मोजमाप लिहावंच लागतं. तो कोरा अर्ज बैठकीत मध्ये ठेवा आणि मुख्य मोजमापाच्या जागी एकच नाव लिहून द्या, अशी दोघांनाही विनंती करा. अल्गोरिदमचा शोधनिबंध वेगळा होऊ शकतो, निरोगी स्वयंसेवकांच्या नोंदींवरही. त्याच बैठकीत लेखकांचा क्रमही लिहून घ्या आणि दिवस संपायच्या आत टिपण दोघांना पाठवा.