चार दिवस सासूबाईंना कुणावर सोपवायचं?

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय की पक्षाघातानंतर सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, सांगलीला भाचीचं लग्न आहे, पण चार दिवस जायला मन धजत नाही.

ताई, जा. मी ठाण्यात नौपाड्याला सासऱ्यांचं सहा वर्षं केलं. पहिली चार वर्षं एक रात्रही घराबाहेर काढली नाही. शेवटी माझीच कंबर धरली आणि त्यांना उठवायलाही कुणी उरलं नाही.

फक्त पेशंट सांभाळणारी ब्युरोची बाई लग्नाच्या आदल्या दिवशी बोलावू नका, सासूबाई तिच्या हातचं पाणीही घेणार नाहीत. आमच्याकडे तेच झालं, शिवाय ठरलेली बाई सोडून ऐन वेळी दुसरीच आली. तीन आठवडे आधीपासून बोलवा. सुरुवातीला तुम्ही घरात असा, मग दोन तास बाहेर पडा. लोकलने ठाण्याला या, तलावपाळीवर बसा. मग एखादी रात्र.

तुमच्या यजमानांना डायपर बदलता येतो का? प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही. आई त्यांची आहे, आत्ताच शिकवा. बाई आली नाही तर तेच लागतील.

फ्रीजवर कागद लावा. गोळ्यांच्या वेळा सगळेच लिहितात. मी लिहिलं होतं: "चहा पूर्ण बसवूनच, चमच्याने. एक घोट गिळल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा आणि माकडहाड बघावं, लाल दिसलं तर फोन. 'आई गं' म्हणाले तर दुखत नाही, लघवी लागलीय." ही शेवटची ओळ कुठल्याच फाइलमध्ये नसते.

घरी जमलं नाही तर काही नर्सिंग होम आणि वृद्धाश्रम थोड्या दिवसांसाठी पेशंट ठेवतात. बघायला संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात ते विचारा. ज्येष्ठांच्या सोयींची माहिती १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते. तुम्हाला स्वतःला फार भरून आलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

निघताना सासूबाई झोपेत असताना गुपचूप निघू नका. जवळ बसून परतीचा वार सांगा. मी कालनिर्णयवर परतीच्या तारखेला कुंकवाचं बोट उमटवलं होतं. बाई ते रोज सकाळी सासऱ्यांना दाखवायची.