सिग्नल हँडलरमधला न वापरलेला पॅरामीटर काढून टाकावा का?

तुमच्या सी प्रोग्रॅममधल्या सिग्नल हँडलरमध्ये, म्हणजे सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, 'सिग' हा पॅरामीटर कुठेच वापरलेला नाही, कंपायलर 'अनयूज्ड पॅरामीटर' म्हणून कुरकुरतो आणि सबमिशनला एकही वॉर्निंग चालणार नाही. मग तो काढावा का, असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. हँडलरला एक इंट (पूर्णांक, म्हणजे सिग्नलचा नंबर) मिळणार हे सिग्नल फंक्शन ठरवतं, तुम्ही नाही. नुसते रिकामे कंस ठेवले तर जुन्या सीमध्ये खपून जायचं, कारण तिथे रिकाम्या कंसांचा अर्थ 'पॅरामीटर किती ते सांगितलेलं नाही' असा होता. सी23 या भाषेच्या नव्या आवृत्तीत त्याचा अर्थ 'एकही नाही' असा झाला. जीसीसी 15 हा कंपायलर काही सांगितलं नाही तर सी23च धरतो, आणि तिथे हा प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही.

हँडलरच्या पहिल्या ओळीत '(व्हॉइड)सिग;' लिहा. त्याने काहीच घडत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की हा मुद्दाम सोडलाय. पीथ्रेड या थ्रेड चालवणाऱ्या लायब्ररीला दिलेल्या फंक्शनलाही हेच करा. मेनमधले आर्गसी-आर्गव्ही (कमांड लाइनवरून येणारे पॅरामीटर) मात्र लागत नसतील तर खुशाल काढा, तिथे व्हॉइड चालतं.

एक कळकळीने सांगतो: मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ही वॉर्निंग सरसकट बंद करू नका. अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला असताना मी ती बंद केली होती. सिरियल पोर्टवरून आलेला मेसेज वाचणारं माझं फंक्शन बफर आणि लांबी असे दोन पॅरामीटर घ्यायचं, पण आतलं लूप मी थेट 64 पर्यंत फिरवलं होतं. लहान मेसेज आला की आधीच्या मेसेजचं शेपूट त्यात मिसळायचं. आम्ही दोन दिवस केबल आणि बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासत बसलो. दुसऱ्या रात्री विरारच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या कोडचा प्रिंटआउट वाचताना दिसलं, की 'लांबी' कुठेच वापरलेली नाही. कंपायलर हेच सांगत होता, त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी बघा, विसरलात की खरंच नको होता. कंपायलरच्या नुसत्या 'वॉल' (-Wall) या पर्यायाने ही वॉर्निंग येत नाही, सोबत 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' (-Wextra) लागतो. तुमच्या सरांनी तो लावायला सांगितलाय, हे फार चांगलं.

आणि वॉर्निंग फक्त रिलीज बिल्डमध्येच आली, तर तो पॅरामीटर नुसत्या असर्टमध्ये (अट खरी आहे का ते तपासणाऱ्या ओळीत) वापरलाय का ते बघा. रिलीजसाठी एनडीबग (NDEBUG) हा मॅक्रो लावला की असर्ट उडतो आणि पॅरामीटर एकटा उरतो.