मंजूर म्हणजे जमा नव्हे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या कॉलेजच्या अंदाजपत्रकाची फाइल मिळाली. प्राचार्य म्हणतात जमेची बाजू जरा भरीव दाखवा, संस्थेला सभागृहात एसी हवेत, आणि बीएमएस-आयटीच्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवरच चालणाऱ्या, वर्गांवरच्या शिक्षकांचं मानधन कुठून काढायचं ते तुला सुचत नाही. खर्चाची बाजू तू चोख मांडली आहेस, त्यावर मी काही बोलत नाही. मला खटकली ती जमा. शिष्यवृत्तीचं येणं आणि पीएम-उषा या उच्च शिक्षणाच्या सरकारी योजनेचा निधी तू गोळा झालेल्या फीच्या रांगेत नेऊन बसवलास. का? मंजूर म्हणजे जमा नव्हे. आणि पीएम-उषाचा तुमचा तर नुसता प्रस्ताव गेलाय!

त्या योजनेत आपल्या राज्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असतात. म्हणजे दोन तिजोऱ्या उघडायच्या, त्याही हप्त्याहप्त्याने, आणि आधीचा हप्ता ठरल्या कामी खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. त्या भरवशावर जूनचं वीजबिल कसं भरशील? अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही 2021-22 पासून केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या चाळीच्या घरात त्या दिवशी कुणी आजारी असेल, तर ती रक्कम कॉलेजपर्यंत यायला वेळ लागणारच. त्या मुलाचा निकाल अडवून वसुली करायचा सल्ला तुला कुणी दिला, तर साफ नकार दे. येणं आहे, ते येईल, पण आज ते तुझ्या बँकेत नाही.

मी रजिस्ट्रार असताना आमच्याकडे वाचनकक्षासाठी एका योजनेचं मंजुरीपत्र आलं. पेढे वाटून झाले, ठेकेदार नकाशा घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसला. पहिला हप्ता खात्यावर दिसेपर्यंत कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचं पत्र, काढणार नाही, असं मी सांगितलं. लोकांनी आडमुठा म्हटलं, बैठकीत तोंडावर म्हटलं. हप्ता वेळेत आलाच नाही. कळवा-मुंब्र्याच्या मुली, घरात जागा नाही म्हणून, परीक्षेच्या दिवसांत आमच्या जिन्यात बसून अभ्यास करायच्या. ते मला आजही सलतं. त्यांची बॅच निघून गेली तरी कक्ष झाला नव्हता. पण त्या वर्षी एकाही शिक्षकाचं मानधन थकलं नाही, रसायनशास्त्राचं एकही प्रात्यक्षिक रद्द झालं नाही, आणि विद्यार्थ्यांच्या अनामत रकमेला कुणी हात लावला नाही. कार्यादेश काढला असता तर पहिला घास तिथूनच गेला असता. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन.

तेव्हा फाइल उघड आणि जमेचे तीन रकाने कर: बँकेत आलेले, लेखी मंजूर झालेले, नुसते ऐकलेले. रोजचा खर्च फक्त पहिल्या रकान्यातून. दुसऱ्या रकान्यावर फार तर दरपत्रकं मागवून ठेव. तिसरा रकाना कुणाला दाखवूही नकोस. पगाराबाहेरचा खर्च महिन्यावार मांड, वर्षाचा एकच आकडा फसवतो. प्रवेश जून-जुलैत होतात, फी तेव्हा येते, आणि जानेवारीपर्यंत तिजोरी कोरडी पडते. बीएमएसचं मानधन त्या फीतून प्रवेश संपताच वेगळं काढून ठेव, उरेल त्यात बाकीचं बसव. चांदी चढली की सिल्व्हर नायट्रेट महागतं, तेही बाटलीच्या भावाने धर, गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवून चालणार नाही. गच्चीची गळती पावसाआधी थांबव. ठाण्याचा जुलै तुला ठाऊक आहे, खाली संगणक कक्ष आहे. एसी पुढच्या वर्षी.

प्राचार्य नाराज होतील म्हणतेस. होऊ देत! 2016 च्या विद्यापीठ कायद्यातल्या कलम 97 नुसार अंदाजपत्रकाची शिफारस महाविद्यालय विकास समिती करते. तिथे निवडून आलेले शिक्षक असतात, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. रकाने त्यांच्यापुढे ठेव. मार्चअखेरच्या घाईत बंद खोलीत आकडे जुळवलेस तर पुढे लेखापरीक्षणात उत्तर तुलाच द्यावं लागेल, सही तुझी असेल. रागावून लिहितोय असं वाटेल, पण तुझ्यासारखी माणसं या खुर्चीत टिकावीत म्हणून जीव तुटतो.

बैठकीच्या आधी दुरुस्त फाइल पाठव. मानधनाचा आकडा महिन्यावार हवा, आणि अनामत खात्यातली शिल्लक वेगळी लिही.

तुझा,
काका